गुंजीच्या शेतातला बार

बेळगाव स्टेशनात सकाळच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत एक धोतर, एक सदरा आणि मीच लिहिलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. पत्रकाचं नाव 'निःशस्त्र रयत'. परक्या सरकारनं परवान्याचा कायदा करून आमच्या हातातली बंदूक काढून घेतली आणि स्वतःच्या बंदुकांना मात्र कुणाचा परवाना विचारला नाही, असा त्याचा सूर. तो सूर मला आजही खरा वाटतो. पण तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, टिळकवाडीत वडिलांच्या घरी जेवत होतो, आणि बंदूक फक्त पोलिसाच्या खांद्यावर पाहिली होती.

हे माझ्या ध्यानात आणून दिलं परसू आप्पांनी. आप्पा गुंजीचे शेतकरी, बाजाराला बेळगावात आलेले. मी चौकात पत्रक वाचत होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बंदूक कधी धरलीसा काय हातात?"

"नाही."

"मग गुंजीला या की. माझ्याकडं हाय, परवान्याची. बघा तरी कसली असतीया ती."

म्हणून निघालो होतो. देसूर मागं पडलं, खानापूर गेलं, आणि झाडं रुळाच्या इतकी जवळ आली की खिडकीतून पानं हाताला लागत होती. गुंजी स्टेशन म्हणजे एक खोली, एक घंटा आणि भोवती रान. उतरणारा मी एकटाच. आप्पा खांद्यावर घोंगडं टाकून उभे होते. "आलासा मास्तर?" म्हणाले. मी मास्तर नव्हतो, पण चष्मा लावणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच होता.

गाव दीड कोसावर. वाटेत दोन्ही अंगाला पिकायला आलेलं भात, आणि वास असा की शहरात परतल्यावर कित्येक दिवस मी तो नाकात शोधत राहिलो. घरी आप्पांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, पाय धुवायला कढत पाणी दिलं आणि पुढ्यात पेज (उकड्या तांदळाचा पातळ भात), नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं ठेवलं. मी स्वराज्यावर बोलायला लागलो. आक्का म्हणाल्या, "आधी गिळा. पेज निवल्यावर स्वराज्याला चव लागत न्हाय."

दुपारी आप्पांनी आढ्यावरनं बंदूक काढली. ठासणीची, माझ्या खांद्याइतकी उंच, दस्त्याला तांब्याची पट्टी मारलेली. चार वाड्यांत मिळून एवढीच.

"कापणीला पंधरा दिस हाईत," आप्पा म्हणाले. "रोज सांबरं उतरत्यात. ही आवाज करती म्हणून घरात भात येतो. न्हायतर पेंढा बी मिळायचा न्हाय."

मग त्यांनी शिकवलं. आधी शिंगातली दारू मापानं नळीत. तिच्यावर सोडण (नारळाच्या शेंडीचा काथ्या). लोखंडी गजानं ठासायचं, गज हातात उडेपर्यंत. मग गोळी, परत सोडण, परत गज. शेवटी घोड्याखाली केप (चापट बसताच ठिणगी देणारी तांब्याची टोपी). मी ठासता ठासता कायद्याचं कलम सांगत होतो.

"ठासताना बोलायचं न्हाय मास्तर," आप्पा म्हणाले. "काय घातलं, काय ऱ्हायलं, कळत न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही माळ्यावर (पिकाच्या राखणीसाठी बांधलेल्या मचाणावर) चढून बसलो. अंधारातच मी बंदूक ठासून आप्पांकडं दिली. धुकं भातावर दुधाच्या सायीसारखं पसरलं होतं. उजाडू लागलं तसे आधी दोन कान दिसले, मग शिंगं, मग एवढं थोरलं काळसर अंग. सांबर माझ्या कल्पनेपेक्षा फार शांत होतं. कणसं ओढायचं, मान वर करायचं, चावायचं.

आप्पांनी बंदूक माझ्या हातात दिली.

"मी?" मी कुजबुजलो.

"परवाना माझ्या नावाचा हाय. दुसऱ्यानं बार टाकला तर बंदूक जप्त. पर हितं बघाय कोण येतंय? लिवणाऱ्यानं एकदा तरी टाकावा."

मी नेम धरला. आप्पांनी हळूच हात पुढं केला आणि नळीतनं गज उपसून काढला. तो मी आतच विसरलो होतो. ते हसले नाहीत, आणि त्या न हसण्यासाठी मला त्यांची अजून आठवण येते.

मी चाप ओढला. खांद्यावर कुणीतरी लाथ मारल्यासारखं झालं. पांढऱ्या धुरात काही दिसेना. धूर विरला तेव्हा सांबर बांधावर पडलं होतं. जवळ गेलो. डोळा उघडा होता, ओठाला भाताचं कणीस चिकटलेलं. मला आनंद झाला, आणि मी वाकून ते कणीस काढून टाकलं.

वाडीची माणसं गोळा झाली. त्यांच्यापाठोपाठ जंगलखात्याचा गार्डही आला. पलीकडच्या नाल्यावर होता म्हणे. "बार कुणी टाकला?" त्यानं विचारलं.

"मीच की ओ," आप्पा म्हणाले. "माझं शेत, माझी बंदूक."

गार्डनं मान हलवली आणि बिडी पेटवली. गोष्ट तिथंच संपत होती. पण कायदा मोडायचा आणि 'मीच मोडला' म्हणून छाती पुढं काढायची, ही आमच्या चळवळीची शिकवण. खोट्याच्या आड लपणं मला सोसेना. मी पुढं झालो. "बार मी टाकला. हा कायदा मी मानत नाही."

गार्डनं माझ्याकडं पाहिलं. माझा गाल दारूनं काळा झाला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, मला वाऱ्यानं ऐकू आलं न्हाय. परत इचारतो. बार कुणी टाकला?"

मी मोठ्यानं सांगितलं. वर एक पत्रकही दिलं.

त्यानं बिडी विझवली. "आता एवढ्या लोकांनी ऐकलं. माझी नोकरी हाय ओ आप्पा." आणि बंदूक उचलली.

"मला पकडा," मी म्हणालो.

"तुमास्नी धरून काय करू? हुकूम बंदुकीचा हाय."

सांबराचे वाटे झाले. दर घराला एक वाटा, बार टाकणाऱ्याला एक जादा, आणि रिवाजाप्रमाणे एक बंदुकीचा. तो पानावर नेहमीसारखा काढला गेला. बंदूक नव्हती, तरी कुणी तो कमी केला नाही. आक्का चुलीपाशी म्हणाल्या, "उद्यापास्नं तुमची पत्रकं लावू या बांधावर. सांबरं वाचत्याल आणि माघारी जात्याल."

दुसऱ्या सकाळी वरचा वाफा पार तुडवलेला होता. आप्पा वाकून आडवी कणसं उभी करून बघत होते. उभी राहत नव्हती.

त्याच दिवशी आम्ही दोघं खानापूरच्या कचेरीत गेलो. तिथल्या अंमलदारानं पत्रक आणि मला आळीपाळीनं पाहिलं. म्हणाला, बंदूक परत मिळेल. मालक झोपेत असताना, त्याच्या परवानगीवाचून मी ती उचलली असं लिहून द्यायचं, आणि खाली माफी मागायची.

माफीनामा. तो लिहून देऊन तुरुंगातून सुटलेल्यांची नावं आम्ही फळ्यावर लिहून चौकात टांगत असू. मी अंमलदाराला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं. आप्पा बाकावर पटका मांडीवर घेऊन बसले होते. तुडवलेल्या वाफ्यातला चिखल त्यांच्या पायाला अजून तसाच होता. दाराबाहेर ऊन चढत होतं. मी कागद मागून घेतला.

परतताना बंदूक आप्पांच्या खांद्यावर होती. वाटेत ते म्हणाले, "लई खोटं लिवलासा मास्तर."

"व्हय आप्पा."

"पर अक्षर चांगलं हाय, सायेब म्हणत हुता."

तेव्हा आम्ही दोघंही हसलो. संध्याकाळच्या गाडीनं मी बेळगावला आलो. आठवड्याच्या आत माफीनाम्याची बातमी पोचली आणि माझं नाव चौकातल्या फळ्यावर लागलं. सोबती म्हणाले, जबरदस्तीनं लिहून घेतलं असं छापून टाक. ते छापलं असतं तर बंदूक पुन्हा गेली असती. मी गप्प राहिलो. बोलण्यावर जगणाऱ्या माणसाला ते सहा वर्षं जमलं, याचं मला स्वतःलाच नवल वाटतं.

गेल्या श्रावणात आप्पा गेले. मूलबाळ नव्हतं, परवाना त्यांच्याबरोबर संपला, बंदूक सरकारजमा झाली. शेत पुतण्या करतो. आक्का बांधावर बसून पत्र्याचा डबा बडवतात. रानातल्या माणसाला एवढंच हत्यार ठेवणाऱ्या सरकारचा राग माझ्या मनात तसूभरही उणावलेला नाही. पण त्या रागापेक्षा आता मला ती पहाट जास्त आठवते, भातावरचं धुकं आणि शेजारी न बोलता बसलेला माणूस.

आता कुणाचं काही जप्त व्हायचं उरलेलं नाही. म्हणून लिहितो. मी बंदूक चोरली नव्हती. आप्पा जागे होते. त्यांनीच ती आपल्या हातानं माझ्या हातात दिली होती.