दिवस पण सांग

"दिवस पण सांग," असं त्या म्हणायच्या. लिफ्टचं दार बंद होता होता हात घालून अडवायच्या, आत यायच्या, माझ्या कुशीतल्या चिमीकडं बघायच्या. "किती झालं हिला?" मी म्हणायचे, एक महिना. लगेच, "आणि दिवस? दिवस पण सांग."

लिफ्टमध्ये पोरांचं वय विचारणारी माणसं तुम्हीपण बघितली असतील. पण दिवस कोण विचारतं?

जुरोंग ईस्टला आमच्याच मजल्यावर, चार दारं सोडून, त्या लेकीकडं राहायच्या. मी काकू म्हणायचे. मी आठवीनंतर शाळा सोडलेली, लग्न करून इथं परदेशात आले, नवरा दिवसभर बुओना व्हिस्टाला ऑफिसात, घरात मी आणि चिमी, आणि इंग्लिश म्हणाल तर येस आणि नो. मराठी बोलणारं माणूस दिसलं की मी त्याच्यामागं जायचे, तशी काकूंकडं जायला लागले.

काकू तरुणपणी नवऱ्याबरोबर अमेरिकेत होत्या. तिथं एका जुन्या लायब्ररीत फाटलेले कागद चिकटवायचं काम करायच्या. त्यातल्या काही कागदांच्या नकला त्यांनी एका फायलीत ठेवल्या होत्या, आणि त्या फायलीचं मला काय कौतुक, मी आपली चहाच्या आशेनं बसायचे. एक दिवस त्यांनी फाईल उघडली. एकाच बाजूला छापलेला कागद, चारी बाजूंनी जाड काळी पट्टी, वर मयताच्या पेटीचं चित्र आणि खाली कविता.

"अडीच-तीनशे वर्षांपूर्वी तिकडं कुणी गेलं की असा कागद छापायचे," काकू म्हणाल्या. "रस्त्यावर विकायचे, लोक भिंतीला लावायचे. पेटीचा ठसा छापखान्यात तयारच असायचा. चार गेले तर चार पेट्या."

त्या कवितांचं त्या मराठी करायच्या, वहीत लिहायच्या आणि मला म्हणून दाखवायच्या. कधी हसायच्यासुद्धा. "हा कवी बघ किती कच्चा. पोर गेलं ते गेलं, वर यमकपण गेलं." मला हसू यायचं आणि लगेच हसल्याची भीती वाटायची.

एक कविता मात्र माझ्या अंगात शिरून बसली. गेलेलं लेकरूच आईशी बोलतंय अशी.

दोन वर्षं, तीन महिने, दिवस अकरा राहिले,
आई, तुझ्या मांडीवरून जग मी सारे पाहिले.

मी चिमीला घट्ट धरलं, मग दुसरा कागद बघितला, तिसरा बघितला. आकडे मला वाचता येतात. सगळ्या लेकरांचं वय तसंच होतं, वर्षं, महिने, दिवस. आणि मला वाटलं, दिवस तर गेलेल्यांचे मोजतात, मग या बाई माझ्या चिमीचे का मोजतायत?

आईला फोन केला. आई म्हणाली, "वास्तू तथास्तु म्हणत असते. त्या घरात पोरगी नेऊ नकोस, आणि दिवस तर कुणाला सांगूच नकोस."

मग मी जिन्यानं जायला लागले. नऊ मजले, पोरीला घेऊन. तरी एकदा खाली भेटल्याच. "किती झालं?" मी खोटं बोलले. "तीन महिने. पुरे तीन." काकूंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि गेल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी चिमी तापली.

तापली म्हणजे हाताला चटका बसावा अशी, दूध घेईना, रडणंपण बारीक बारीक होत गेलं. मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताप येतो गं पोरांना. शेजारणीनं दिलेलं सिरप आहे ना, ते दे. संध्याकाळी बघू." बाटलीवर तीन महिन्यांपुढच्या लेकरांना असं लिहिलेलं मी बोट ठेवून ठेवून वाचलं आणि मला वाटलं, आहेतच की तीन, मी कालच तर म्हणाले. चमचा भरला आणि दार वाजलं.

काकू होत्या. रडणं ऐकून आलेल्या. "किती झालं हिला?"

"तीन महिने."

"लोक गोल आकडा सांगतात. आईनं सांगू नये." त्यांनी चमचा माझ्या हातातून घेतला. "दोन महिने, चोवीस दिवस. एवढ्या लहान लेकराला ताप म्हणजे थांबायचं नसतं. चप्पल घाल, टॅक्सी बोलावते."

हॉस्पिटलात नर्सनं वय विचारलं तेव्हा मी काकूंकडं बघितलं. काकू म्हणाल्या, "टू मंथ्स, ट्वेंटी-फोर डेज." नर्स म्हणाली, "थ्री मंथ्स नॉट येट, आह?" आणि रांगेतली सगळी माणसं बाजूला ठेवून चिमीला आत नेलं. लघवीतून जंतू रक्तात गेले होते. डॉक्टर जे बोलले ते काकूंनी मला सांगितलं, वेळेत आलात.

चिमीच्या इवल्याशा हाताला सुई, नळी, आणि मी खुर्चीत हात जोडून, आणि शेजारी काकू. मला राहवेना. म्हटलं, "काकू, खरं सांगा. तुम्ही हिचे दिवस त्या कागदासाठी मोजत होता का?"

मला वाटलं रागावतील. त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "अगं वेडे, कागदावरचा आकडा थांबलेला असतो. तुझ्या पोरीचा रोज बदलतो. म्हणून रोज विचारते."

नंतर मी परत लिफ्टनं जायला लागले. त्या विचारायच्या, मी दिवसासकट सांगायचे. पण खरं सांगते, भीती गेली नाही. सांगताना प्रत्येक वेळी चिमीला जवळ ओढायचे.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत.

तेराव्यानंतर त्यांच्या लेकीनं, ताईंनी, मला बोलावलं. फायलीत सगळ्यात खाली एक नवा कागद होता. काळी पट्टी, खाली काकूंच्या अक्षरात चार ओळी, आणि पेटीच्या जागी त्यांनी काय काढलेलं, तर आमच्या ब्लॉकची लिफ्ट, अर्धवट बंद होणारं दार आणि मधे हात. मला हसू फुटलं, आणि मग दुसरंच काही फुटलं. वयाच्या जागा तेवढ्या मोकळ्या. वर्षं, महिने, दिवस. कोपऱ्यात लिहिलेलं, चिमीच्या आईनं भरावं.

ताई म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तर लिही आणि सोड. आईचं आपलं काहीतरी."

मी तो कागद घरी आणायला घाबरत होते. लिफ्टच्या बाहेर, कॉरिडॉरमध्येच, खाली बसले. ताईंकडून जन्मतारीख घेतली होती, मोबाईलमधलं कॅलेंडर उघडून बोटांवर मोजलं. चिमी पेन ओढत होती, वर्षाच्या पुढची झाली आता, काही हातात राहू देत नाही. चुकायला नको म्हणून दोनदा मोजलं. मग लिहिलं, चिमीच्या ओढण्यानं आकडे वाकडे आले. अठ्ठ्याहत्तर वर्षं, चार महिने, सहा दिवस.

उद्याही सहाच.