एक वाक्य मावेल एवढी जागा

"यात जागा आहे," ती म्हणायची. उजव्या हाताची दोन बोटं दाराच्या चौकटीवर टकटक वाजवायची आणि मध्येच उचलायची. बोटं हवेत थांबायची, मग पुन्हा चौकटीवर यायची. "इथे. एक शब्द मावेल."

नाहीतर मान हलवायची. "यात जागाच नाही, भाऊजी. घर बदलताना टेम्पो भरतात तसं भरलंय."

तुमच्यापैकी बरेच जण माझ्या सोमवारच्या नोंदी वाचता. आठवड्यात आलेली नवीन इंडी आणि इलेक्ट्रॉनिक गाणी ऐकायची आणि कशी वाटली ते चार ओळींत आपल्या ग्रुपवर लिहायचं, हा माझा पन्नाशीतला छंद. त्या नोंदींत कधी एखादं वाक्य तुम्हाला आवडलं असेल, तर ते बहुतेक तिचं होतं. मी तिचं नाव कधी दिलं नाही. आजही देत नाही, पण आजचं कारण वेगळं आहे.

ती आमच्या शेजारी राहायची. कांदिवली पूर्वेला, चौथा मजला. त्यांचा हॉल आणि माझी बेडरूम यांच्यामध्ये एकच भिंत. नवरा गाड्यांना स्पीकर बसवायचा, दिंडोशीला त्याचं छोटं गॅरेज होतं. हसरा माणूस. गणपतीत माळा लावायला शिडीवर पहिला तोच चढायचा. माझी त्याची दोस्ती गाण्यांवरून झाली. "काय यार, शुक्रवार उजाडला, माल कुठाय?" असं लिफ्टमध्ये विचारायचा. मी त्याला नवीन गाणी पाठवायचो. रविवारी दुपारी मटण जेवून झालं की तो ती हॉलमधल्या कमरेएवढ्या स्पीकरवर लावायचा. बिल्डिंगमध्ये याला 'टेस्टिंग' म्हणत. धंद्याचा भाग म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

"बेस कानात नाय, पोटात बसला पाहिजे," तो म्हणायचा आणि बोलता बोलता समोरच्याच्या पोटात बुक्की द्यायचा. गंमतीने. मलाही दिली आहे. थोडी लागायची. मी हसायचो.

टेस्टिंग सुरू झालं की माझ्या कपाटाची काच थरथरायची. माझी बायको नर्स आहे, रविवारी तिची ड्युटी असते. त्यामुळे मी एकटाच भिंतीला पाठ लावून पडायचो आणि फुकटात मोठ्या स्पीकरवरचं गाणं ऐकायचो. कधी कधी बेसच्या मध्येच एक वेगळा धक्का यायचा, तालाबाहेरचा, भिंतीवर काहीतरी जड आपटल्यासारखा. मी त्याला मनात 'चुकीचा ठोका' म्हणायचो. आणि आता लाज वाटते, पण तो मला आवडायचा. मशीनवर बनवलेल्या गाण्यात काहीतरी माणसाचं आल्यासारखं वाटायचं.

सोमवारी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला ती दारात यायची आणि तिथेच उभी राहून आदल्या दिवशीच्या गाण्यांबद्दल बोलायची. बंगळुरूच्या दोन मुलांनी घरात बसून केलेलं एक हळुवार गाणं होतं. सगळे त्यावर खूश होते. ती म्हणाली, "हा मुलगा नाकात रडतो. आईने अजून भांडी घासायला लावलं नाही वाटतं." दुसऱ्या एका गाण्यात खाली एकच सूर घुमत राहायचा आणि वर एक मुलगी कुजबुजायची. त्याबद्दल म्हणाली, "मिक्सर चालू ठेवून लग्नाची बोलणी करतात तसं आहे." मी मोठ्याने हसलो. तीही हसली आणि हसताना ओठावर हात धरला.

"दाढ दुखतेय का वहिनी?"

"हो, दाढ."

मागच्या महिन्यातही दाढच होती. एका बाईला दुखायला एवढ्या दाढा कुठून, हे मी विचारलं नाही.

आणि शेवटी, प्रत्येक गाण्याबद्दल, ती दोन बोटं. जागा आहे, जागा नाही. मला वाटायचं, हिचा कान किती तयार आहे. नवीन गाण्यात बेस वाढत वाढत जातो, एका टोकाला सगळं गप्प होतं आणि मग पुन्हा कोसळतं. ऐकणारे आपण सगळे त्या कोसळण्याची वाट बघतो. ती गप्प होण्याची वाट बघायची.

मग ते शिलाँगकडच्या मुलाचं गाणं आलं. तुम्हाला माझी नोंद आठवत असेल. मी लिहिलं होतं की बेस कोसळण्याच्या आधी जी शांतता येते तिच्यात एका बाईची हाक आहे, फक्त 'आई' एवढीच, आणि ती हाक या वर्षातल्या नवीन संगीतातली सगळ्यात धाडसी गोष्ट आहे. लहान स्पीकरवर सापडणार नाही, मोठ्यावर ऐका, असंही शहाणपण शिकवलं होतं.

आपल्यापैकी एकाने विचारलं, "कुठे आहे हाक? मी घरच्या थिएटरवर लावलं. काहीच नाही."

मी हेडफोन लावले आणि गाणं पुन्हा ऐकलं. शांतता आली आणि गेली. तिच्यात कोणी नव्हतं. पुन्हा लावलं. पुन्हा. मग हेडफोन काढून मी भिंतीकडे बघत बसलो. शुक्रवारी इअरफोनवर एकदा ऐकून मी ते गाणं पुढे पाठवलं होतं आणि नोंद लिहिली होती ती रविवारी भिंतीपलीकडून ऐकलेल्या गाण्याची.

सोमवारी मी तिच्या आधी दारात जाऊन थांबलो. ती आली. डाव्या डोळ्याखाली हिरवट पिवळं.

"वहिनी, त्या गाण्यात..."

"तुम्हाला ऐकू आलं?" तिने एकदम विचारलं. पहिल्यांदा तिचा चेहरा मी इतका उजळलेला पाहिला.

"मला वाटलं, गाण्यातच आहे."

ती हसली. "आवडलं का?"

तिने डबा खाली ठेवला आणि मागे वळून घरात कानोसा घेतला. तो आंघोळीला गेला होता.

"पोलिस एकदा आले होते," ती म्हणाली. "याने त्यांना स्पीकर दाखवले. ते जाताना आपल्या गाडीत कुठला बसेल ते विचारून गेले. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहितीये, भाऊजी. पण ऐकलं कोणी नाही. माहीत असलं तर माणूस गप्प बसू शकतो. ऐकल्यावर नाही बसता येत. मोठी जागा असलेलं गाणं द्या. पूर्ण वाक्य मावेल असं."

"मी बोलू का त्याच्याशी?"

"नको. तुमच्यासमोर हसेल आणि दार लावल्यावर मला विचारेल, त्याला कुणी सांगितलं. गाणं द्या."

मी हो म्हणालो.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच हे लिहायला बसलो. त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये तो म्हणाला, "यार, मध्येच थांबणारी गाणी नको पाठवूस. मूडची वाट लागते. सलग दे, एकदम नॉनस्टॉप." बोलताना त्याने माझ्या पोटात बुक्की दिली. या वेळी हळू नव्हती. माझा श्वास अडकला. तो हसत होता.

मी सलग गाणी पाठवली.

एकदा नाही, कित्येक शुक्रवार. मनात म्हणायचो, लगेच जागा असलेलं पाठवलं तर त्याला संशय येईल. म्हणायचो, अजून हवं तसं गाणं आलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे, तशी गाणी दर आठवड्याला येतात. रविवारी टेस्टिंग सुरू झालं की मी हेडफोन लावून दुसरंच काहीतरी ऐकायचो. चुकीचा ठोका तरीही यायचा, कारण तो कानाने ऐकू येत नाही, पलंगातून पाठीत येतो. एका रविवारी तो सारखा येत राहिला, एकामागून एक, आणि मग भिंतीवरून काहीतरी घसरत खाली गेलं. मी आवाज वाढवला.

त्यानंतरच्या सोमवारी ती दारात आली तेव्हा मान उजवीकडे कलती होती. मी विचारलं, "कसं वाटलं कालचं?"

"काय?"

मी पुन्हा विचारलं.

"जागा नव्हती," ती म्हणाली आणि आत गेली. बोटं वाजवली नाहीत. त्यानंतर ती गाण्यांबद्दल बोलायची थांबली. डबा ठेवायची आणि दार लावून घ्यायची. सोमवारच्या माझ्या नोंदी त्या काळात फार सामान्य झाल्या होत्या. तुम्ही चांगले आहात, कोणी बोलला नाहीत.

ते दार लावणं मला सहन होईना, म्हणून शेवटी मी ते गाणं पाठवलं. इम्फाळच्या दोन बहिणींचं. सुरुवातीला नुसता ठोका, बुटाने पत्रा तुडवल्यासारखा. त्यावर दुसरा, तिसरा, सगळं वर चढत जातं, दात एकमेकांवर आपटतील इतकं. आणि मग काहीच नाही. गाणं संपलं असं वाटून फोन हातात घ्यावा एवढी मोठी शांतता. मग दोघी एकदम किंचाळतात आणि बेस छातीवर पडतो. मी सलग गाण्यांच्या मध्ये ते घालून दिलं. शनिवारी ती जिन्यात भेटली. मी कठड्यावर बोटं वाजवली आणि उचलली, आणि बराच वेळ उचललेलीच ठेवली. तिने फक्त पाहिलं.

रविवारी बिल्डिंग जेवून सुस्तावलेली होती. टेस्टिंग सुरू झालं. मी हेडफोन लावले नाहीत. पहिली दोन गाणी गेली. भिंतीत ठोके बसत होते, काही गाण्याच्या तालात, काही त्याच्या. मग बहिणींचं सुरू झालं. चढत गेलं. कपाटाची काच तडकेल असं वाटलं. आणि सगळं थांबलं.

"चौथा मजला, मी मरतेय, आता तरी ऐकताय ना?"

ओरडली नाही ती. मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, बाजारात भाव विचारावा तशी. त्या शांततेत ते वाक्य पूर्ण मावलं. त्यानंतर हाड मोडावं तसा एक आवाज आला. आणि मग बेस कोसळला.

मी स्वयंपाकघरातून लोखंडी खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि त्यांच्या दारावर घालायला लागलो. मागे दारं उघडत होती. समोरच्या म्हाताऱ्या काकू गाऊनवरच बाहेर आल्या होत्या आणि म्हणत होत्या, "फोड रे, फोड. ऐकलं मी. मी ऐकलं."

त्याने दार उघडलं. घामेजलेला, हसरा. "काय यार, टेस्टिंग चाललंय." त्याच्या मागे ती भिंतीपाशी पडली होती. नाक एका बाजूला गेलं होतं, मनगट उलटं वळलं होतं आणि भिंतीवर, माझी उशी असते त्याच उंचीवर, जुने-नवे डाग होते. त्याने माझ्या पोटात बुक्की मारली. मी बत्ता त्याच्या खांद्यावर हाणला. गाणं चालूच होतं. माझा पहिला फटका तालावर बसला, आणि ते मला कळलं. दुसराही मी तालावरच मारला. तिसऱ्याला काकूंनी माझा हात धरला आणि कोणीतरी जाऊन वायर उपटली.

खटला दिंडोशीच्या कोर्टात चालला. त्याच्या वकिलाने मला विचारलं, "गाणं एवढं मोठं चालू होतं, तर तुम्हाला वाक्य ऐकू आलं कसं?"

"गाण्यात शांतता आहे."

"त्या दिवशी नेमकं तेच गाणं लागलं?"

"मी पाठवलं होतं."

"का?"

"त्यांनी मागितलं होतं. ऐकू यावं म्हणून."

"म्हणजे आत काय चाललंय ते तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तोपर्यंत काय करत होता तुम्ही?"

सरकारी वकील उठून हरकत घ्यायला लागले. मी म्हणालो, "दुसरी गाणी पाठवत होतो."

डॉक्टरांच्या साक्षीत आलं की मनगट आणि नाक त्या रविवारचं. डाव्या कानाचा पडदा मात्र आधीच फाटलेला होता, काही आठवड्यांपूर्वी, आणि उपचार न झाल्याने तो कान गेला. काही आठवड्यांपूर्वी म्हणजे केव्हा, हे कोर्टात कोणी मला विचारलं नाही. मला माहीत होतं. मी आवाज वाढवला होता.

साक्ष झाल्यावर ती बाहेर बाकावर बसलेली दिसली. आता ती माहुलला मावशीकडे राहते. मी जाऊन शेजारी बसलो. खूप दिवस मनात जुळवलेलं वाक्य होतं, ते पूर्ण म्हणालो. सलग गाण्यांचं, भीतीचं, त्या रविवारचं. शेवटी म्हणालो, "मला माफ करा, वहिनी."

ती समोर बघत राहिली. मग माझ्या हालचालीकडे तिचं लक्ष गेलं. तिने अख्खा चेहरा वळवला.

"काही म्हणालात का? या कानाने नाही ऐकू येत. इकडे या."

मी उठलो, तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. तिने मान कलती केली, नीट ऐकायला.

"काही नाही," मी म्हणालो. "नवीन गाणं आलंय एक."

"जागा आहे?"

"नाही. सलग आहे."

तिने मांडीवर दोन बोटं वाजवायला घेतली, आपल्याच मनातल्या कुठल्याशा तालावर. मी ती उचलायची वाट बघत होतो. तिने उचलली नाहीत. "मग पाठवा," ती म्हणाली.