विमानाचा लोकल टाइम

आमच्या मजल्यावर इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. त्यामुळे तारा, फॉर्म, औषधांची माहिती, सगळं वाचायला माझ्याकडे यायचं. मला बोलायचा संकोच होता. वाचून दाखवायचं आणि घरात पळायचं, एवढंच मी करत असे.

समोरच्या काकू मालवणच्या. काका बहारीनला फिटर होते आणि दोन वर्षं घरी आले नव्हते. त्या वर्षी त्यांचा एक मित्र नेमका गणेशचतुर्थीच्या सकाळी तिकडे निघाला होता. आदल्या दिवशी दुपारी काकूंनी विमानांचं छापील टाइमटेबल माझ्यापुढे धरलं.

"किती वेळ लागता, बघ गो."

मुंबई आठ, बहारीन नऊ. "एक तास," मी म्हटलं.

"एकच? दादरला जायला तेवढो लागता," काकू हसल्या. "मगे उकडीचेच पाठवतंय. गरम पोचतील."

काकांना उकडीचे मोदक फार आवडत. पहाटे उकडायचे आणि पाचला मित्राच्या हातात डबा द्यायचा, असं ठरलं. काकू नारळ खवायला बसल्या.

मी घरी येऊन सहज शाळेचा ॲटलास उघडला. बहारीन हे बेट निघालं, मुंबईतल्या आमच्या साष्टीसारखंच, फक्त आमच्यापेक्षा एकटं. मुंबईपासून तिथवर शिवणाचा दोरा ताणला आणि नकाशाच्या पट्टीवर मोजला. जवळजवळ चोवीसशे किलोमीटर. एका तासात? टाइमटेबल पुन्हा पाहिलं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सगळ्या वेळा लोकल टाइमप्रमाणे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणजे प्रवास साडेतीन तासांचा. आणि त्याआधी विमानतळावर दोन-तीन तास बसावं लागतं, हे आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं.

गप्प राहिले असते तरी मला कोणी विचारलं नसतं. पण तिकडे डबा उघडल्यावर काकांना आंबूस वास आला असता. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परतले. तिसऱ्यांदा बेल वाजवली.

"काकू, मी चुकले. ती वेळ लोकल टाइमची आहे."

खोबऱ्याने भरलेले हात तसेच वर धरून त्यांनी विचारलं, "विमानाक पण लोकल? मगे ता पण लेट येता की काय?"

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग त्यांच्याच पिठाच्या ताटाशेजारी दोन वाट्या मांडल्या, एक मुंबई, एक बहारीन, आणि सगळं समजावलं. इतकं सलग मी आजवर त्यांच्याशी बोलले नव्हते.

"मगे तळणीचे करूया," त्या म्हणाल्या. "बस. कळ्या पाडूक येतत?"

येत नव्हत्या. माझे मोदक कचोरीसारखे झाले. काकूंनी तेही डब्यात घातले.

पंधरा दिवसांनी काकांचं पत्र आलं. ते मराठीत होतं, तरी काकू ते घेऊन माझ्याकडेच आल्या. मोदक अगदी खुसखुशीत राहिले होते. तीन कचोऱ्या कुणाच्या, असंही विचारलं होतं. डबा त्यांना तिथल्या सकाळी साडेदहाला मिळाला आणि त्यांनी लगेच उघडला होता.

काकूंनी बोटांवर अडीच तास मोजले.

"एक," त्या म्हणाल्या. "आमी पण तेव्हाच पानावर बसलेलो."