रिकामी किटली

डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं. "रोज चाला, नाहीतर इन्सुलिनची सुई लागेल." कारखान्याच्या वसाहतीतला आमचा सेक्टर २ तेव्हा नवा होता, रस्ते रुंद, झाडं गुडघ्याएवढी. सकाळचा भोंगा होऊन पुरुष कारखान्यात गेले की मी निघायचे, पण बाई उगाच कुठं चालली म्हणून सगळे बघायचे.

एकदा मागच्या ओळीतली बाई दोन किटल्या घेऊन फाटकाशी आली.

"मले बी चालाले सांगतलं डॉक्टरनं. धरा ताई. दूध आणाले चालल्या समजून कोणी काही विचारत नाही."

"आणि रिकामीच परत आणायची?"

"झाकण उघडून कोण पाहून राहिलं?"

पदर खोचून ती झपझप पुढे चालायची. मी रेंगाळले की किटलीची कडी वाजवायची. साखर ताब्यात राहिली. नाव विचारायचं राहून गेलं.

मग तिच्या नवऱ्याला दूरच्या सेक्टरात क्वार्टर मिळालं. मी किटली घेऊन एकटी निघाले, कोपऱ्यावरून परतले. दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही.

आता त्या किटलीत खरंच दूध असतं; गवळी दारात येऊन ओततो. सुई मी स्वतःच टोचून घेते. सुईला सोबत लागत नाही.