विहीणबाईंच्या फोटोतला डोंगर

मुलाच्या अमेरिकेतल्या, रेडमंडच्या घरात, हॉलमध्ये, एक मोठा फोटो आहे. माझे व्याही आणि विहीणबाई हसताहेत आणि मागे बर्फाने झाकलेला ज्वालामुखी. त्यांना गेल्या उन्हाळ्यात मुलाने तिथे नेलं होतं. माझ्या वेळी मात्र त्याने दोनदा कॅन्सल केलं. "आई, ढग आहेत." येत्या शनिवारी माझं परतीचं विमान होतं. म्हणून सोमवारीच मी बूट घालून चहा प्यायला बसले.

"एकला तिथून निघायचं," तो म्हणाला. "दोनला मीटिंग आहे."

"तीनला निघू."

"आई!"

"मीटिंग गाडीत घे. मी मसाल्याचे अर्धे सौदे रिक्षात बसून केलेत."

शेवटी दोनवर जमलं.

डोंगराच्या पायथ्याचं ते गाव मला बघताक्षणी आवडलं. कपांवर डोंगर, टोप्यांवर डोंगर, बेकरीतल्या केकवरसुद्धा डोंगर! आणि कोपऱ्याकोपऱ्यावर निळ्या पाट्या: ज्वालामुखी जागा झाला तर इकडे पळा.

"खरंच होईल जागा?"

"जिवंतच आहे तो. चिखलाचा लोंढा इथूनच जाईल."

मी लगेच तिकडे वळून बघितलं. पण जिथे डोंगर असायला हवा तिथे नुसता राखाडी ढग. विहीणबाईंना बरं दिसला! माझं डोकं तापलं.

दुकानात टोपी घालून बघत होते, तेवढ्यात बाराच्या ठोक्याला भोंगा वाजला. केवढा तो आवाज! टोपी तिथेच टाकून मी रस्त्यावर आले. "फुटला रे!" शाळेची पोरं बाईंबरोबर ओळीने टेकडी चढत होती. मी ओळीत घुसले.

मागून मुलगा धावत आला. "आई, ड्रिल आहे! नुसती प्रॅक्टिस!"

"मग मीही करते प्रॅक्टिस."

वर पोचले तेव्हा धाप लागली होती. समोर पुन्हा तोच ढग. आता मात्र डोळ्यांत पाणीच आलं. इतक्यात पुढचे दात पडलेल्या एका मुलीने माझी बाही ओढली. "नो, हायर!"

मी मान वर केली. ढगाच्याही वर, जिथे आपण विमान शोधतो तिथे, डोंगराचा पांढराशुभ्र खांदा चमकत होता. मी आपली आपल्याकडच्या डोंगरांच्या उंचीवर बघत बसले होते!

"अगंबाई!" मी अशी ओरडले की सगळी पोरं खिदळली.

पोरं उतरून गेली. आम्ही तिथेच बसून डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. दोन वाजले, तसं मीच पिशवी उचलली. ठरलं म्हणजे ठरलं. मुलाने मीटिंगसाठी कानात इअरफोन घातला, पण जागचा हलला नाही.

"थांब ना यार आई," तो कुजबुजला. "शेंडा उघडतोय."

शेंड्यासकट माझा फोटो काढून निघायला तीन वाजले. गाडीत मी त्याला सांगितलं, माझा फोटो विहीणबाईंच्या फोटोशेजारी लावू नकोस. वर लाव.