गाभणे गुरुजींची चौथी

तपासलेली उत्तरपत्रिका हातात आली की गाभणे गुरुजी आधी चुकलेली उत्तरं वाचत. बरोबर उत्तरांवर त्यांची नजर फारशी ठरत नसे. मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात बसून ते एकेका मुलाला जवळ बोलावत, चुकलेल्या गणितावर बोट ठेवत आणि खऱ्याखुऱ्या उत्सुकतेनं विचारत, "हे कसं काढलं? मले सांग बरं." मूल सांगू लागलं की मान हलवत ऐकत आणि एका जाड वहीत लिहून घेत. मी एकदा हसून म्हटलं, "गुरुजी, चुका कसल्या जमवता?"

"बरोबर उत्तर सगळ्यायचं सारखंच रायते, मॅडम," ते म्हणाले. "चूक मात्र ज्याची त्याची. पोरगं कुठं अडकून राहिलं, ते चुकीतच दिसते."

लाखांदूर तालुक्यातल्या धानाच्या गावातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. गुरुजींकडे चौथी, माझ्याकडे पाचवी. मी भंडाऱ्याची, हातमाग चालवणाऱ्या घरातली. एक धागा तुटला तरी वडील माग थांबवत. चूक म्हणजे खोट, ती लगेच दुरुस्त करायची, हे मी तिथंच शिकले. एम.ए., बी.एड. झाले होते. वर्गात रंगीत तक्ते, रोज एक सराव प्रश्नपत्रिका, आणि 'मले-तुले' बोलायचं नाही, 'मला-तुला' म्हणायचं, असा कडक नियम.

गुरुजी याच मातीतले. सकाळी शेतातलं पाणी पाहून शाळेत येत, तेव्हा पँटवर चिखलाचे शिंतोडे असत. वर्गात मुलांशी झाडीबोलीतच बोलत. परिमिती शिकवायची तर मुलांना शाळेमागच्या बांधीवर नेत. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. त्या चारही धुऱ्यांवरून मुलं पावलं मोजत चालत आणि गुरुजी मध्ये उभे राहून विचारत, "सगळा फेरा किती झाला?" माझ्या खिडकीतून ते दिसे. हा वर्ग की जत्रा, असं मी मनात म्हणे.

आणि वर्षअखेरच्या चाचणीत आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांमधल्या, सगळ्या शाळांमध्ये चौथीचा पहिला क्रमांक गुरुजींचा आला. सलग दुसऱ्या वर्षी. शिक्षकांच्या बैठकीत केंद्रप्रमुखांनी त्यांना उभं केलं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. माझी पाचवी यादीत खालून शोधावी लागत होती. कुणी तरी विचारलं, "गुरुजी, काय करता तरी काय?"

"काई नाई. पोरायले इचारतो," गुरुजी म्हणाले, आणि खाली बसले.

ते उत्तर मला चार दिवस पुरलं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना तेच आठवे आणि जीव जळे. एकदा ते वही टेबलावर विसरून गेले, तेव्हा मी ती उघडून पाहिली. काही युक्ती सापडेल असं वाटलं होतं. पानापानांवर नुसती मुलांची नावं. 'दामिनी : हातचा विसरत नाई, चुकीच्या घरात ठेवते.' असलंच सगळं. मी वही मिटली आणि मनाशी ठरवून टाकलं की हा माणूस परीक्षेत उत्तरं सांगत असणार.

पुढच्या भेटीत मी केंद्रप्रमुखांना म्हटलं, "सर, माझं नाव घेऊ नका. पण एकाही मुलाची परिमिती चुकत नाही, हे जरा नवलच आहे." एवढंच बोलले. एवढं पुरलं.

आठवड्याभरात ते न सांगता नवी प्रश्नपत्रिका घेऊन आले. गुरुजींना वर्गाबाहेर बसवलं आणि पर्यवेक्षक म्हणून मला आत पाठवलं. गुरुजी आंब्याखाली जाऊन बसले.

अर्ध्या तासानं दामिनीनं हात वर केला. तिचं गणित सगळ्यात कच्चं होतं. एका आयताकृती भूखंडाची परिमिती काढायची होती. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, भूखंड म्हंजे काय?"

'बांधीसारखी जागा' एवढं सांगितलं असतं, तर तिनं ते गणित सोडवलं असतं. मला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, "वाच आणि लिही." नियमानं मी चुकले नव्हते. पण तो शब्द मी नियमासाठी गिळला नव्हता.

वर्गाचा निकाल पुन्हा उत्तम लागला. केंद्रप्रमुख गुरुजींच्या पाठीवर थाप मारून गेले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी दामिनीला बोलावलं. मी तिथंच हजेरी भरत बसले होते.

"धुऱ्यावर तं सगळ्यात पुढं तूच चालत होतीस वं. मंग हे कोरं काहून सोडलं?"

"भूखंड समजला नाई, गुर्जी. मॅडमले इचारलं, तं मॅडम म्हणे वाच अन् लिही."

गुरुजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "बरोबर केलं मॅडमनं," ते तिला म्हणाले. "परीक्षेत सांगाचं नसते. भूखंड म्हंजे आपली बांधीच, माय." मग वहीत लिहिलं, 'दामिनी : भूखंड. हा शब्द मी शिकवला नाई. चूक माझी.'

जूनमध्ये ती मुलं माझ्या पाचवीत आली. वर्षभर मी त्यांना शिकवलं, आणि जिथं ती अडत तिथं "गुर्जी असं सांगत" हे वर्षभर ऐकलं. चिडून एकदा मीही विचारून पाहिलं, "तू हे कसं काढलंस?" दामिनी पाच मिनिटं बोलत राहिली. त्या पाच मिनिटांत तिला काय कळत नव्हतं ते मला प्रथमच कळलं.

ते वर्ष संपलं, त्या उन्हाळ्यात बदल्यांची यादी आली आणि गुरुजींना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आंबागडकडची शाळा मिळाली. निरोपाचा नारळ देऊन झाल्यावर मी त्यांच्यासोबत एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेले.

"गुरुजी, ती तक्रार मी केली होती."

"मालूम हाय."

"मग बोलला का नाहीत?"

ते रस्त्याकडे पाहत राहिले. बस दिसत नव्हती. "बोलून काय करतो, मॅडम? पोरं तं तुमच्याच वर्गात येऊन राहिली होती. तुमचं मन माझ्यावरून खट्टू झालं असतं, तं त्याईच्याकडं कोणी पाहिलं असतं?"

बस आली, मी त्यांची पिशवी वर दिली, आणि ते खिडकीजवळ जागा पाहून बसले.

आता माझी पाचवीही अधूनमधून केंद्रात पहिली येते. लोक अभिनंदन करतात, मी बरं वाटून घेते. मग ओळखीच्या एका शिक्षिकेला फोन लावते आणि इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर, सहज आठवल्यासारखं, आंबागडकडच्या चौथीचा निकाल विचारते.