मोठमायची बॅटरी

लाइन गेली की मोठमाय पहिली ओट्यावर यायची. जऊळक्याच्या आमच्या गल्लीत इन्व्हर्टर तिच्या एकटीकडे होता. पदर खोचून ती हाळी द्यायची, "कोनाचं काय अडून राह्यलं वं?"

मग माणसं यायची. लेकराला वाफ द्यायचं मशीन आधी, मग मिक्सर, मोबाइल शेवटी. मिक्सर लावायचा तर ती स्वतःचा पंखा बंद करायची. समोरची शोभा म्हणायची, "मोठमाय, उकडून मरसान एखाद्या दिशी!"

"मरतो तं मरतो. तुयी चटनी तं वाट आदी."

मोठमाय म्हणजे माझी थोरली काकू. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. काका वारले, तेव्हा मी तिला पुण्याला घेऊन आलो. निघताना तिनं इन्व्हर्टर आणि बॅटरी शोभाच्या घरी लावून दिली.

आमच्या सोसायटीत वीज गेली की लगेच जनरेटर सुरू होतो. मोठमायला ते कधी पटलं नाही. दिवे मिणमिणले की ती उठून घरातले सगळे पंखे, टीव्ही बंद करायची. "खाली कोनाचं लेकरू असंन. त्याले पुरू दे." दाराची बेल वाजली की आतून विचारायची, "कोन आलं रे? काई लावाचं हाय काय?" दारात पार्सलवाला असायचा.

एकदा तिनं फ्रिजही बंद केला. ऑफिसातून आलो तर दूध नासलेलं, खाली पाणी. मी ओरडलो, "मोठमाय, इथं कोणाला तुझ्या बॅटरीची गरज नाहीये!"

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर वीज गेली तरी ती जागची हलली नाही. हळूहळू जेवायलाही हाक मारावी लागू लागली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मीही सगळ्यांना तेच सांगितलं. पोळ्याच्या आधी ती गेली.

तेरवीला जऊळक्याला गेलो. पंगती उठल्या आणि लाइन गेली. शोभानं आपला पंखा बंद केला, ओट्यावर आली आणि मोठमायच्याच सुरात हाळी दिली. शेजारच्या बायका मिक्सरची भांडी घेऊन निघाल्या.

मी आमच्या बंद घराच्या पायरीवर बसलो होतो. शोभा म्हणाली, "भाऊ, तुमचं काई लावाचं हाय काय?"

माझा मोबाइल पूर्ण चार्ज होता. तरी मी उठलो आणि तो तिच्या हातात दिला.